कानाच्या मशीनवाल्या बाई

गेली तीस-एक वर्षं लोक मला निरनिराळ्या नावांनी हाक मारत आले आहेत. 'कानाच्या मशीनवाल्या बाई', 'स्पीचवाल्या मॅडम', 'बोलायला लावणाऱ्या ताई'. कोरेगावकडच्या एक आजी तर वर्षभर मला 'जिभेची डाक्टरीण' म्हणत होत्या. माझी आई शेजारीपाजारी 'लेक कानाची डॉक्टर आहे' असं सांगायची, त्यामुळे सुट्टीत घरी गेले की चार जण मळ काढून घ्यायला दारात उभे. मळ काढणं कान-नाक-घसा तज्ज्ञांचं काम, आमचं नव्हे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मग एवढं शिकून तू करतेस तरी काय, हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर या पुस्तकात आहे. ती असती तर वाचून दाखवलं असतं.

पुस्तकाच्या लेखिका माझ्या विद्यार्थिनी. अकरावी-बारावीच्या मुलामुलींना वाचा-भाषा उपचार आणि श्रवणशास्त्र या व्यवसायांची ओळख करून द्यायची, तीही मराठीत, असं त्यांनी ठरवलं तेव्हा 'दोन पानांची प्रस्तावना द्या' म्हणाल्या. दोन पानांत माझं भागणार नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

आधी खरं काय ते सांगून टाकते. या क्षेत्रात येणारी बहुतेक मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत खाली खाली सरकत येतात. एमबीबीएस हुकतं, दंतवैद्यक हुकतं, फिजिओथेरपीला हवं ते कॉलेज मिळत नाही, आणि मग एका ओळीत 'बीएएसएलपी' अशी अक्षरं दिसतात. घरात कुणालाच त्यांचा अर्थ माहीत नसतो. मीही अशीच आले. पहिला महिनाभर वसतिगृहात रडत होते.

रडणं थांबलं ते ध्वनिशास्त्राच्या एका तासाला. सरांनी फळ्यावर क ख ग घ ङ, त्याखाली च, ट, त, प च्या ओळी असं सबंध पंचवीस व्यंजनांचं कोष्टक लिहिलं आणि विचारलं, "हा क्रम असाच का?" बालवाडीपासून घोकलेला तक्ता; वर्गातल्या एकालाही उत्तर आलं नाही. मग त्यांनी आम्हाला तो तोंडानं चालायला लावला. क म्हणताना जिभेचं मूळ मागे टाळूला टेकतं. च ला जीभ पुढे तालूशी येते, ट ला टोक वळून वर लागतं, त ला दातांमागे, आणि प ला जिभेचं काम संपून ओठ मिटतात. ध्वनी घशाकडून ओठांपर्यंत पायरी पायरीनं बाहेर येतात. आता आडव्या ओळी. तोंडासमोर कागदाचा कपटा धरा: क ला तो जेमतेम हलतो, ख ला उडतो. गळ्यावर बोट ठेवा: ग ला थरथर लागते. नाक चिमटीत पकडा: ङ अडतो. आपल्या शिक्षाग्रंथकारांनी ही मांडणी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवली आणि आपण ती भिंतीवर चिकटवून कमळ-खटारा करत बसलो.

गंमत म्हणून हे सांगत नाही. टाळू दुभंगलेलं मूल आलं की मी मनात तोच तक्ता उघडते. तोंडात हवा कोंडता येत नाही, ती नाकावाटे निसटते. म्हणून प, ब, ट, ड ढासळतात आणि शेवटच्या उभ्या रांगेतले अनुनासिक तेवढे शाबूत राहतात. पोर 'बाबा' म्हणायला जातं आणि 'मामा' ऐकू येतं. बाप हिरमुसतो, मामा खूश होतो. चार वर्षांची मुलगी 'काका'ला 'ताता' म्हणते, तेव्हा तिचा क तक्त्यावर पुढे घसरून त च्या जागी बसलेला असतो. त्याला मागे न्यायचं आहे; कधी चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक खाली धरून, कधी गुळण्या करायला लावून. तक्ता येतो, त्याला अर्धं निदान येतं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी ही प्रस्तावना लांबली. आरोग्यसेवेतले बहुतेक व्यवसाय कुठल्याही भाषेत करता येतात. हाड नागपुरात मोडो वा नागरकोईलला, प्लास्टर तेच. आमच्याकडे भाषा हेच अवजार आहे. तुमचं इंग्रजी कच्चं असेल म्हणून तुम्ही या अभ्यासक्रमाला बिचकत असाल, तर पुस्तकं इंग्रजीत आहेत, तेवढं सोसावं लागेल. पण रुग्णासमोर बसल्यावर कामी येते ती तुमची घरची बोली. शिकाऊ असताना आमच्यातल्या एका पुण्याच्या मुलीनं विदर्भातून आलेल्या एका मुलाच्या कागदावर लिहिलं होतं: ळ च्या जागी य, ण च्या जागी न, दोन्ही चुकीचे, उपचार आवश्यक. पोरगा 'डोया' आणि 'पानी' म्हणत होता. त्याची आईही तेच म्हणत होती, आजीही. दोष मुलाच्या जिभेत नव्हता, तपासणाऱ्या कानात होता. आमच्या गटातली अकोल्याची मैत्रीण तो कागद बघून इतकी हसली की सरांना आत यावं लागलं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी बोलणारी मुलं या व्यवसायात यायला हवीत, ती यासाठी. चाकातला च आणि चिमणीतला च वेगळे आहेत, हे हिंदीतून उसनी आणलेली चाचणी तुम्हाला सांगणार नाही.

याच भाषेवरून एक तक्रार. मूल उशिरा बोलायला लागलं की 'घरात एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला' असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो; शाळेतून, कधी शिकल्यासवरल्या तज्ज्ञांकडूनही. दोन भाषा कानावर पडल्यानं वाचादोष होत नाही. झालेला असेल तर एक भाषा काढून घेतल्यानं जातही नाही. जाते ती आजी. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून ती गप्प बसते, आणि दिवसभर मुलाशी बोलणारं घरातलं एकमेव माणूस बंद पडतं. परदेशातल्या मराठी घरांतून व्हिडिओ कॉलवर हेच ऐकते, फक्त तिथे आजी साताऱ्याला असते.

श्रवणशास्त्राकडे येते. ध्वनिरोधक खोली म्हणजे जाड दाराची, भिंतींना मऊ अस्तर असलेली कोठी. आत तीन वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर, कानांवर हेडफोन, हातात लाकडी मणी, पुढ्यात डबा. आवाज ऐकू आला की मणी डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. काचेपलीकडे मी आवाज पाच-पाच डेसिबलनं वरखाली करते. मणी गालाशी धरून मूल थांबतं. थांबतं. मग एकदम डोळे मोठे होतात आणि टक्. त्या 'टक्'साठी मी आयुष्यात किती तास बसले असेन, हिशेब नाही. उजव्या कानाला तांबडं वर्तुळ, डाव्याला निळी फुली, असा आलेख भरत जातो. हा आलेख उलटा असतो: जितकं खाली, तितकं ऐकू कमी. एका वडिलांना सांगितलं, "दोन्ही कानांना ऐंशी आलेत." ते म्हणाले, "ऐंशी म्हणजे चांगलेच की हो मॅडम!" त्यांना समजावताना मी म्हणाले, घरात मिक्सर चालतो तेवढा आवाज केला, तर कुठे याला काहीतरी चाहूल लागते. ते बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले. अशा वेळी गप्प बसायचं असतं, हे कुठल्याच परीक्षेला येत नाही.

तीन वर्षांचं मूल माझ्याकडे येतं, तेव्हा खरं तर अडीच वर्षं वाया गेलेली असतात. जन्मल्यावर महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे आमचं सूत्र. त्यासाठीचं यंत्र मोठं नाही. डेव्हिड केम्प नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1978 मध्ये दाखवून दिलं की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, स्वतःही अगदी बारीक आवाज परत देतो. झोपलेल्या तान्ह्याच्या कानात एक बोंडूक ठेवून तो परतीचा आवाज टिपला की काही मिनिटांत काम होतं. ही ओएई चाचणी. त्यात शंका आली तर बेरा. डोक्याला तारा चिकटवून कानापासून मेंदूकडे जाणारा संदेश मोजायचा. मग उशीर का होतो? कारण घरोघरी आपली एक चाचणी आधीच झालेली असते. आजी पाळण्यामागे ताट-पळी वाजवते, बाळ दचकतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ताटाचा दणका ऐकू येणाऱ्या मुलाला स आणि श अजिबात ऐकू येत नसतील, हे ताट सांगत नाही. पुढे बोलणं लांबलं की 'याचा बापही चार वर्षांनी बोलला', मग जिभेला वेखंड. वेखंडाशी माझं वैर नाही, पण ते जिभेला लागतं. अडचण पुष्कळदा कानात असते.

आतल्या कानातला शंखासारखा अडीच वेढ्यांचा अवयव म्हणजे कॉक्लिया. त्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. माणसात त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागावर वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, किंवा ढोलपथकात दहा वर्षं वाजवलेल्या मुलाला. 85 डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा आमचा ढोबळ हिशेब. तो मांडत गेलात तर 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. मिरवणूक किती वेळ चालते, ते तुम्हीच मोजा.

केसपेशी फारच गेल्या असतील तर कॉक्लियर इम्प्लांट. त्याची एक गोष्ट मुलांना आवडते. कॉक्लियाच्या वळणांत न मोडता शिरेल अशी तार कशी करावी, या पेचात असलेले ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क 1977 मध्ये समुद्रकिनारी बसले होते. त्यांनी एका शंखात गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाला लवचीक, बुडाशी ताठ पातं आतपर्यंत वळत गेलं. पुढल्याच वर्षी मेलबर्नला त्यांनी एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. केंद्र सरकारच्या योजनेतून आता आपल्याकडच्या गरीब घरांतल्या लहान मुलांनाही हे यंत्र मिळतं. मात्र मोबाइलवर फिरणारे, यंत्र चालू करताच मूल हसतं नि आई रडते असे व्हिडिओ पाहून या व्यवसायात येऊ नका. त्या दिवशी मुलाला ऐकू येतो तो नुसता गोंगाट. त्याचा अर्थ लागायला पुढची तीन-चार वर्षं रोज बसावं लागतं. रोज सकाळी तोंड झाकून म्, ऊ, आ, ई, श्, स् हे सहा आवाज काढायचे आणि मूल ते परत म्हणतं का बघायचं. स् आला नाही तर आधी मशीन तपासायचं, मग मुलाला. कोकणातल्या पालकांना मी आणखी एक गोष्ट शिकवते: पावसाळ्यात रात्री मशीन शोषक खड्यांच्या डबीत ठेवायचं, नाहीतर ओल त्याचा जीव घेते. मोठमोठ्या शस्त्रक्रियांची कमाई अशा डबीवर टिकते.

वाचेच्या बाजूला मुलांइतकेच मोठेही येतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. तंबाखू-गुटख्यानं जीभ, गाल, स्वरयंत्र गमावलेली माणसं. गाठी येऊन घसा बसलेले शिक्षक आणि कीर्तनकार. अडखळत बोलणारी, कॉलेजात तोंडी परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहणारी मुलं. यांतली पुष्कळ मुलं मुलगेच असतात, आणि आमच्या वर्गांत मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते वाढले तर बरं होईल.

वाचाघाताबद्दल मात्र थोडं थांबून लिहिते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की पुष्कळदा शब्द हरवतात. 1861 मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला 'तान' एवढाच उच्चार उरला होता. माझ्याकडे आलेल्या एसटीच्या एका निवृत्त कंडक्टरांना उरला होता 'चला'. भूक लागली, चला. औषध नको, चला. राग आला, चला. डोकं शाबूत होतं. बाकी शब्द आतल्या आत अडकलेले. पण 'एक' म्हणून दिलं की पुढे दहापर्यंत घडाघडा म्हणायचे. गणपतीची आरतीही अखंड यायची. ओघानं येणारं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, ते पुष्कळदा वाचतं. नातवंडं किती, असं विचारलं की ते बोटं धरून एकपासून मोजायला लागत आणि चारवर थांबत. चार हा शब्द एकटा येत नव्हता, तीनचा हात धरूनच यायचा. मग आम्ही त्यांचा मार्ग काढला. स्वारगेट, खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा. मी दोन थांबे म्हणायचे, तिसरा त्यांनी. मग मी एकच, पुढचे त्यांनी. मग मी मुद्दाम चुकवायचे, शिरवळनंतर पाचवड म्हटलं की हात वर करून ओरडत, "सुरूर! सुरूर!" मधला थांबा चुकला म्हणून रागावलेला माणूस आपण बोललो हे विसरून जायचा. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती. वाटेवरचे थांबे मला माहीत होते, एवढंच माझं भांडवल.

झटक्यानंतर गिळणंही बिघडतं, आणि तेही आमचंच काम. पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला की ठसका लागतो. पण काहींना ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून घास किती घट्ट, घोट किती दाट, मान कशी, हे सगळं ठरवून द्यावं लागतं. नातेवाइकांना 'दाट द्रव' म्हणून काही कळत नाही. मी सांगते, नाचणीची पेज चमच्यातून सावकाश ओघळेल एवढी. ती लगेच कळते. निम्मा आहारतक्ता मी स्वयंपाकघराच्या भाषेत लिहिते.

शिक्षणाचा तपशील पुस्तकात आहे, मी पळतच सांगते. पदवी, म्हणजे ती बीएएसएलपी, चार वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं; पदव्युत्तरला वाचा आणि श्रवण या वाटा वेगळ्या होतात. देशातली या विषयाची थोरली संस्था म्हैसूरची, 1965 सालची. मुंबईच्या नायर रुग्णालयातही शिक्षण साठच्याच दशकात सुरू झालं. वांद्रे रेक्लमेशनची राष्ट्रीय संस्था 1983 ची. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला आहे. पुण्यातही महाविद्यालय आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते त्या त्या वर्षीच्या पत्रकातच बघा. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानं नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही; तरी गल्लोगल्ली तो होतो, हेही जाता जाता. अमेरिकेत श्रवणतज्ज्ञ व्हायला डॉक्टरेटच्या पातळीची पदवी लागते, म्हणून परदेशाचं स्वप्न असेल तर हिशेब आधीच करा.

पैशांचंही बोलते, कारण पालक तेच विचारतात आणि लेखिकांनी त्यावर जरा भिडस्तपणे लिहिलंय. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. सरकारी जागा थोड्या. शाळा, रुग्णालयं, बालविकास केंद्रं यांत काम मिळतं, स्वतःचं केंद्र काढून जम बसायला पाच-सात वर्षं जातात. श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपन्यांत पैसा चटकन मिळतो, पण तिथे महिन्याचं उद्दिष्ट असतं. उमेदीत मी अशा एका ठिकाणी आठ महिने होते. एका पेन्शनर आजोबांना साधं यंत्र पुरेसं होतं. महागडं का खपवलं नाही, म्हणून वरच्यांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असं लिहायला आवडलं असतं. दिला तो तीन महिन्यांनी, भाड्याची सोय झाल्यावर.

मागणी मात्र आहे. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे 50 लाख आणि वाचादोष असलेले सुमारे 20 लाख लोक नोंदवले गेले, आणि 'आमच्या घरात असं कुणी नाही' म्हणणारी घरं मला कमी माहीत नाहीत. कित्येक जिल्ह्यांत आजही या कामाला माणूस शोधावा लागतो.

फॉर्म भरण्याआधी एक करा. जवळच्या मोठ्या रुग्णालयातल्या वाचा-श्रवण विभागात एक दिवस जाऊन बसा, सकाळी नऊपासून. बाकावर गावाकडून पहाटेच्या गाडीनं आलेली माणसं असतील. डबे, पिशव्या, पिशवीत गुंडाळलेले जुने कागद. एक म्हातारा मोठ्यांदा बोलत असेल आणि त्याची सून ओशाळून इकडे तिकडे बघत असेल. एकच शब्द आतल्या खोलीतून चाळीस वेळा ऐकू येईल, म्हणणाऱ्या बाईंचा सूर चाळिसाव्या वेळीही तोच असेल. तो सूर आपल्याला धरता येईल का, एवढं ऐका. कुणी विचारलं तर सांगा, नंबर नाही, नुसती बसलेय. हाकलणार नाहीत. फार तर अकराच्या सुमारास कुणीतरी येऊन तुमच्या हातात मण्यांचा डबा देईल आणि आत बोलावेल, कारण मूल रडत असेल, आई दमली असेल आणि आमच्याकडे हात नेहमीच कमी असतात.